कोथरूडमधले घर आणि गाडीचा प्रश्न

पुण्यात मुलाबाळांचे कुटुंब घर शोधू लागले की दोन वाटा समोर येतात. एक, कोथरूड, एरंडवणे, सहकारनगर अशा जुन्या वस्तीतले लहानसे, वीस-तीस वर्षे वापरलेले घर. दुसरी, तेवढ्याच पैशांत वाघोली किंवा मांजरीच्या बाजूला नवे, ऐसपैस घर. सोबत क्लब हाउस, पोहण्याचा तलाव आणि दोन गाड्यांचे पार्किंग. गाडी ठेवायची की नाही, याचा विचार बहुतेक घरांत ताबा मिळाल्यानंतर होतो. वास्तविक तो घराच्या निवडीचाच भाग आहे, कारण दुसऱ्या वाटेवर गाडीवाचून निभावच लागत नाही.

प्रस्तुत लेखिकेच्या घरात पाच माणसे: नवरा-बायको, शाळेत जाणारी दोन मुले आणि गुडघेदुखी असलेल्या सासूबाई. एक नोकरी डेक्कनवर, दुसरी येरवड्यात. भाड्याचे घर सोडायचे ठरले तेव्हा शोधाची सुरुवात खोल्या मोजण्यापासून झाली. पण पाच-सहा घरे पाहून होईपर्यंत वेगळीच कसोटी पुढे आली: दहा वर्षांचे मूल या घरातून एकटे कुठवर जाऊ शकेल? वाण्याच्या दुकानापर्यंत, मैत्रिणीच्या इमारतीपर्यंत, ग्रंथालयापर्यंत, की फक्त सोसायटीच्या फाटकापर्यंत?

वाघोलीकडची संकुले या कसोटीवर फाटकाशीच अडतात. आत मुलांना मोकळी जागा आहे, खेळायला बरोबरीची मुले भरपूर आहेत, आणि हे सुख जुन्या वस्तीत सहज मिळत नाही. फाटकाबाहेर मात्र नगर रस्त्याची अवजड वाहतूक सुरू होते. सलग पदपथ नाही, शाळा बसने, चित्रकलेचा वर्ग गाडीने. वाघोली, मांजरीसह २३ गावे २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली. पण महापालिकेची नळवाहिनी आणि रस्ते इमारतींच्या वेगाने पोहोचत नाहीत, आणि उन्हाळ्यात टँकरच्या रांगा लागतात. तिथे राहणाऱ्या कुटुंबात दोघे कमावते असतील तर एक चारचाकी पुरत नाही.

कोथरूडची पाहणी या कुटुंबाने संध्याकाळी आणि पायी केली. दलाल घर दाखवतो ते सकाळी अकराच्या सुमारास, रस्ते निवांत असताना. वस्तीचा खरा अंदाज संध्याकाळी सहा-साडेसहाला येतो. तेव्हा पौड रस्ता मुलाचा हात धरून ओलांडून पाहावा. सिग्नलला म्हातारे माणूस पलीकडे पोहोचेपर्यंत वेळ मिळतो का, पदपथावर दुचाकी चढतात का, हे तिथेच कळते. पौड रस्ता आणि कर्वे रस्ता हे दोन्ही मुलांसाठी अवघडच आहेत. त्यामुळे शाळा, थोरात उद्यान, दवाखाना आणि भाजीवाले हे सगळे या दोन रस्त्यांच्या मधल्या पट्ट्यात, मोठा रस्ता न ओलांडता मिळावेत, असे ठरले आणि मयूर कॉलनीच्या आसपासचा भाग नक्की झाला. एक फेरी भर पावसातही मारावी. कुठल्या गल्लीत पाणी साचते आणि कुठल्या कोपऱ्यावर दिवा नसतो, हे जाहिरातीत नसते.

शाळेच्या अंतराला या निवडीत सर्वांत जास्त वजन दिले गेले. शिक्षणहक्क कायद्याच्या नियमांतही पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी, अशी अपेक्षा आहे. शहरी पालक नामांकित शाळेसाठी ही अपेक्षा सहज बाजूला ठेवतात आणि मुलाचे रोजचे दोन तास बसमध्ये जातात. या कुटुंबाने जवळची मराठी शाळा निवडली. थोरली मुलगी काही महिन्यांतच धाकट्याला सोबत घेऊन चालत जाऊ लागली. तिच्या वागण्यात त्यामुळे जी जबाबदारी आली, ती कुठल्याही शिबिरात शिकवून आली नसती.

तरीही जुन्या वस्तीची किंमत मोजावी लागते. घर तिसऱ्या मजल्याऐवजी पहिल्या मजल्यावर शोधावे लागले, कारण त्या काळच्या बऱ्याच इमारतींना लिफ्ट नाही. दोन्ही मुलांना मिळून एकच खोली आहे. आजूबाजूला पुनर्विकासाची कामे चालू असतात. धूळ आणि आवाज वर्षभर.

गाडीचा प्रश्न त्यानंतर सुटला. मेट्रो मार्च २०२२ मध्ये वनाझ ते गरवारे महाविद्यालय धावू लागली, ऑगस्ट २०२३ मध्ये रुबी हॉलपर्यंत आणि मार्च २०२४ मध्ये रामवाडीपर्यंत गेली. डेक्कन आणि येरवडा दोन्ही याच मार्गावर आहेत, आणि आयडियल कॉलनी स्थानक घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. घरातली जुनी पेट्रोल गाडी पंधरा वर्षांची होत आली होती. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे ती चालवायची तर तंदुरुस्तीची तपासणी, नूतनीकरण आणि पर्यावरण कर भरावा लागतो. नूतनीकरणाचे शुल्कच एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झाले. विमा, पीयूसी, सर्व्हिसिंग आणि टायर हे खर्च गाडी उभी असली तरी चालूच राहतात. दोघांच्या कामाच्या प्रवासात ती लागत नव्हती. म्हणून गाडी विकली, स्कूटर ठेवली.

अडचण रोजच्या प्रवासात येत नाही, ती सासूबाईंच्या बाबतीत येते. त्यांना मेट्रोच्या जिन्यापर्यंतचे चालणेही जड जाते. मीटरची रिक्षा पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये घेते, त्यामुळे दवाखान्याची फेरी स्वस्तात होते; पण पहाटे किंवा धो धो पावसात ॲपवरची रिक्षा स्वीकारून रद्द होते. यावर उपाय जुनाच निघाला. कोपऱ्यावरच्या स्टँडवरच्या एका रिक्षावाल्या काकांशी बोलून ठेवले, त्यांचा नंबर फ्रिजवर लावला आणि जीवावरच्या प्रसंगासाठी रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक मुलांकडूनही पाठ करून घेतला. गावी जायला एसटी आहे. मार्च २०२३ पासून महिलांना तिथे निम्मे तिकीट आहे, पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत. लग्नकार्याला किंवा कोकणात सगळे एकदम निघाले तर चालकासह गाडी भाड्याने घेतली जाते. एका वेळचे तिचे भाडे मोठे वाटते, पण वर्षाचा हिशोब मांडला तर तो आधीच्या खर्चाच्या खालीच राहतो.

हा हिशोब प्रत्येकाला लागू पडेल असे नाही. नोकरी हिंजवडी किंवा चाकणला असेल, घरात व्हीलचेअर असेल किंवा रात्रपाळी असेल, तर गाडी ठेवणेच रास्त. वाघोलीच्या बाबतीतही चित्र बदलू शकते: जून २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने वनाझ ते चांदणी चौक आणि रामवाडी ते वाघोली या विस्तारित मार्गांना मंजुरी दिली. ते सुरू झाले की तिथल्या कुटुंबांना दुसरी गाडी टाळता येईल. मात्र स्थानकापर्यंत मुलांना सुरक्षित चालता येईल असे पदपथ सोबत बांधले गेले पाहिजेत, आणि ती मागणी आत्ताच, काम सुरू होण्याआधी, महापालिकेकडे करायला हवी.