सहा फटके

8 मे 2000 रोजी न्यू जर्सीतील ईस्ट रदरफर्ड येथे आइस हॉकीचा एक सामना झाला. प्लेऑफच्या दुसऱ्या फेरीतील मालिकेचा हा सहावा सामना. न्यू जर्सी डेव्हिल्सनी तो 3-0 असा जिंकला आणि टोरंटो मेपल लीफ्सचे त्या वर्षीचे आव्हान संपले. निकालात विशेष नवल नव्हते. नवल होते ते निकालाखाली छापलेल्या एका आकड्यात. साठ मिनिटांच्या खेळात टोरंटोला प्रतिपक्षाच्या गोलावर अवघे सहा फटके मारता आले. एरवी एकेक संघ सामन्याला पंचवीस-तीस फटके मारतो. आधुनिक काळातील प्लेऑफ सामन्यांचा नीचांक म्हणून या सहाची नोंद झाली.

आम्ही मूळचे पुस्तकांत रमणारे. बर्फावरच्या या खेळाशी आमची गाठ पडली ती न्यू जर्सीतील वास्तव्यामुळे. आमचा भाचा टोरंटोत राहतो, आणि या सामन्याच्या अर्थाविषयी आम्हा दोघांत आजतागायत एकमत झालेले नाही. ‘‘मामा, तुमच्या लोकांनी काय मोठं केलं? आमच्यांनाच त्या दिवशी मारता आलं नाही,’’ असे तो म्हणतो. आमचे म्हणणे असे की, त्यांना मारू दिले गेले नाही. वाद घरगुती असला तरी त्यातला प्रश्न घरगुती नाही. एखाद्या गोष्टीचे अल्पत्व हे तिच्या कर्त्याचे अपयश मानायचे, की दुसऱ्या कुणाचे कर्तृत्व? साहित्याच्या अभ्यासकाला हा प्रश्न परका वाटू नये. कुणाच्या नावावर एकच पुस्तक असते, तेव्हा आपण ते नाव कोणत्या रकान्यात टाकतो?

प्रथम हा आकडा मोजतो काय, ते पाहू. जो फटका गोलात गेला, किंवा गोलरक्षकाने अडवला नसता तर गेला असता, तोच या गणतीत धरतात. खांबावर आदळून परतलेला फटका धरत नाहीत, बाजूने गेलेला नाही, मध्येच एखाद्या बचावपटूने अंगावर झेललेला तर नाहीच. म्हणजे टोरंटोने चकती सहाच वेळा मारली, असे नव्हे. सहाच वेळा ती गोलरक्षक मार्टिन ब्रोडरपर्यंत पोचली. उरलेले प्रयत्न वाटेत कुठेतरी जिरले. त्यांतले कितीतरी तर प्रयत्न या अवस्थेलाही पोचले नाहीत. ते खेळाडूच्या मनात उमटले आणि समोरची वाट बंद दिसताच मिटले. त्यांची गणती कोण करणार?

ही वाट बंद करण्याचे एक शास्त्र होते. 1995 साली प्रशिक्षक जाक लमेर यांच्या हाताखाली डेव्हिल्सनी ते पक्के केले होते. मैदानाच्या मधल्या पट्ट्यात सापळा लावायचा. एकाने पुढे जाऊन चकती बाळगणाऱ्याला कडेच्या फळीकडे रेटत न्यायचे आणि उरलेल्या चौघांनी मागे वाटा अडवून उभे राहायचे. आपल्या हद्दीतून मधल्या तांबड्या रेषेपलीकडे थेट लांब पास देण्यास त्या काळी नियमाने बंदी होती. त्यामुळे सापळ्यावरून उडी मारण्याची सोयही नव्हती. त्या वर्षीच्या अंतिम मालिकेत समोर डेट्रॉइट रेड विंग्ज होते, नियमित हंगामात साऱ्या लीगमध्ये अव्वल ठरलेला संघ. पहिल्या सामन्यात त्यांचे फटके 17 भरले. चार सामन्यांत मिळून गोल झाले सात, आणि मालिका 4-0 अशी संपली.

हा खेळ कंटाळवाणा आहे, अशी ओरड तेव्हा सर्वत्र झाली. ती खोटी नव्हती. तरीही आम्हाला तो पाहताना एक ओळखीची भावना होई. आयुष्याची काही वर्षे आम्ही मुद्रितशोधनात घालवली. मुद्रितशोधकाचे काम उत्तम झाले, तर वाचकाला ते दिसतच नाही. त्याचा पुरावा म्हणजे पानावर नसलेल्या चुका. आम्ही जेथे काम केले, त्या प्रकाशनसंस्थेत वर्षअखेरीस कामाचा हिशेब मागत, आणि तो पानांच्या संख्येत मागत. जी चूक छापली गेली नाही, ती दाखवायची कशी? पाने कमी भरली म्हणून एका ज्येष्ठ सहकाऱ्याला तेथून जावे लागले. त्यांच्यामागे निघालेल्या पुस्तकांत त्यांची किंमत आम्हाला पानोपानी दिसू लागली. पण तोवर उशीर झाला होता.

म्हणूनच 2000 सालचा पुढला प्रसंग आम्हाला महत्त्वाचा वाटतो. डेव्हिल्सनी चषक जिंकला आणि प्लेऑफमधील सर्वोत्तम खेळाडूचा सन्मान स्कॉट स्टीव्हन्स या बचावपटूला मिळाला. तेवीस सामन्यांत त्याचे स्वतःचे गोल तीन. हा सन्मान क्रीडापत्रकारांच्या मतांनी ठरतो. म्हणजे जे रकान्यात मावत नव्हते, ते पाहणाऱ्यांच्या डोळ्यांना दिसले होते. मात्र याच स्टीव्हन्सने त्याच प्लेऑफमध्ये फिलाडेल्फियाच्या एरिक लिंड्रॉसला दिलेली धडक विसरता येत नाही. लिंड्रॉसच्या मेंदूला मार बसला आणि पुढचा संपूर्ण हंगाम तो खेळू शकला नाही. वाट अडवणे हे नेहमीच निरागस नसते. न घडलेल्या गोष्टीमागे कौशल्य असू शकते, तसे भयही असू शकते. आणि सहा या आकड्याला त्यांतला फरक सांगता येत नाही.

एका हंगामाच्या टाळेबंदीनंतर, 2005 साली लीगने नियम बदलले. लांब पासावरची बंदी उठली, अडवणूक करणाऱ्यांना कडक शिक्षा होऊ लागली, गोलरक्षकांचे अवाढव्य पोषाख आटोक्यात आणले गेले. आता अल्पसंख्य फटक्यांच्या मालिका इतिहासजमा होतील, असे आम्हालाही वाटले होते. पण 2024 साली व्हँकूव्हर आणि नॅशव्हिल यांच्यातील मालिकेने निराळाच प्रकार दाखवला. तिसऱ्या सामन्यात नॅशव्हिलने तीस फटके मारले, व्हँकूव्हरने बारा. आणि व्हँकूव्हर 2-1 असे जिंकले. मालिकाही त्यांनीच घेतली. येथे भाच्याची आणि आमची, दोन्ही मते अपुरी पडतात. बारा हा आकडा एका बाजूने नॅशव्हिलच्या बचावाचा होता. दुसऱ्या बाजूने तो गोलांची आघाडी मिळाल्यावर ती राखत बसणाऱ्यांचा होता, आणि काही अंशी निव्वळ नशिबाचाही.

तात्पर्य, फटक्यांची संख्या ही दोघांनी मिळून लिहिलेली संहिता आहे. नोंदवहीत ती एकाच्याच नावावर चढते, एवढेच. टोरंटोच्या नावापुढे सहा लिहिले आहेत. त्यांतली बरीचशी शाई न्यू जर्सीची आहे. भाच्याला हे पूर्णपणे पटलेले नाही, आणि ते पटावे असा आमचा आग्रहही नाही. कारण त्याच्या बाजूतही तथ्य आहे. दर वेळी अल्पत्वाचे श्रेय अडवणाऱ्याला देऊन टाकले, तर ज्याला खरोखरच जमले नाही त्याला आयती पळवाट मिळते. जेथे थोडेच उरले आहे, तेथे कोण बोलू शकले नाही, कुणाला बोलू दिले नाही आणि कोण मुद्दाम थांबले, हे प्रत्येक वेळी नव्याने तपासावे लागते. त्यासाठी सामना पुन्हा पाहावा लागतो. निकालाच्या पत्रकावर ते भागत नाही.