काठावरचा दिवा

दिवाळीचे वहीपूजन आटोपून चारच दिवस झाले होते. गोंदियाच्या धान्यबाजारातील एका जुन्या आडत दुकानाच्या गादीवर बाजारातले आठ-दहा तरुण व्यापारी पावतीपुस्तक घेऊन आले. कार्तिकी पौर्णिमेच्या रात्री वैनगंगेच्या घाटावर नौकांची शोभायात्रा काढावी, असा त्यांचा बेत होता. एकवीस डोंगे फुलांनी आणि दिव्यांच्या माळांनी सजवायचे, पाच हजार दिवे द्रोणांतून पाण्यावर सोडायचे आणि शेवटी फटाक्यांची आतषबाजी करायची. पहिली पावती बाजारातल्या सर्वांत जुन्या पेढीच्या नावाने फाडावी, ही त्यांची इच्छा.

गादीवर बसलेल्या वृद्ध शेठजींनी सर्वांना पाणी दिले, चहा दिला, बेत शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाले, “चतुर्दशीला सांगतो.” पावतीपुस्तक कोरेच परत गेले. शेजारी बसलेल्या मुलाला ते लागले. संध्याकाळी दुकान वाढवताना तो म्हणाला, “बाबूजी, आकडा लहान टाकला असता तरी चालले असते. पण पोरांना रिकाम्या हाताने पाठवले. उद्या बाजारात काय बोलतील?” शेठजींनी उत्तर दिले नाही. बाजारात काय बोलतील हे त्यांनाही ठाऊक होते.

बेत वाईट नव्हता. घरी महाविद्यालयात शिकणाऱ्या नातीने मोबाईलवर काशीची देवदिवाळी दाखवली: गंगेचे घाट पायरीपायरीने उजळलेले आणि पाण्यावर नावांची गर्दी. काशी परकी नव्हेच. सुपार्श्वनाथ आणि पार्श्वनाथ या दोन तीर्थंकरांची ती जन्मभूमी. मग तिने कटकची चित्रे दाखवली. तिथे कार्तिकी पौर्णिमेच्या पहाटे लोक महानदीच्या काठी जमतात आणि केळीच्या सोपटाच्या किंवा कागदाच्या छोट्या नावांत दिवा, पान, सुपारी ठेवून त्या पाण्यावर सोडतात. तो मूळचा व्यापाऱ्यांचा सण. कलिंगातले सागरी व्यापारी, ज्यांना तिकडे ‘साधव’ म्हणतात, पूर्वी याच सुमारास जावा, बाली, सुमात्रा या बेटांकडे निघत. पावसाळा सरला की वारा ईशान्येकडून वाहू लागतो आणि शिडे दक्षिणेकडे नेतो. परतीसाठी पुढच्या नैर्ऋत्य वाऱ्याची वाट पाहावी लागे. घरच्या बायका काठावर दिवा घेऊन त्यांना निरोप देत. त्या निरोपाची आठवण म्हणजे या छोट्या नावा. कटकचा मोठा मेळा आजही बालीयात्रा या नावानेच भरतो.

“दादाजी, तो तर आपल्यासारख्यांचाच सण झाला,” नात म्हणाली. “ज्या कलिंगाचा राजा खारवेल जैन होता, तिथलाच. मग आपल्या वैनगंगेवर का नको?”

प्रश्न योग्य होता, आणि त्याला ‘आपल्यात नसते’ एवढे उत्तर पुरेसे नव्हते. दिवाळीच्या दिव्यांचे मूळ तर जैन परंपरा पावापुरीला शोधते. कार्तिक अमावास्येच्या रात्री भगवान महावीरांचे निर्वाण झाले. तेथे जमलेल्या मल्ल आणि लिच्छवी गणांच्या 18 राजांनी, ज्ञानाचा प्रकाश गेला तर निदान दिव्यांचा प्रकाश करू या, असे म्हणून दीप उजळले, असे कल्पसूत्र सांगते. वीर निर्वाण संवताची गणना तेव्हापासूनची, इसवी सन पूर्व 527 ची. आणि पावापुरीचे जलमंदिर उभे आहे तेही कमळांच्या तलावाच्या मधोमध. दिवा आणि पाणी यांचे जैनांना वावडे आहे असे कोण म्हणेल?

तरीही शेठजींच्या मनात काहीतरी अडत होते. ते नेमके काय, हे त्यांना स्वतःलाच कळेना. म्हणून त्रयोदशीच्या दुपारी नातीला बरोबर घेऊन ते घाटावर गेले.

सिवनी जिल्ह्यातल्या मुंडारा गावापाशी उगम पावलेली वैनगंगा बालाघाटकडून येते आणि गोंदियाच्या अंगाला काही अंतर दोन राज्यांची सीमा होऊन वाहते. पुढे वर्धेला मिळून ती प्राणहिता होते आणि गोदावरीत जाते. कार्तिकात तिचे पाणी निवळलेले असते. काठावर एक ढिवर आपला डोंगा उलटा टाकून त्याच्या फटी बुजवत बसला होता. शेठजींनी त्याला शोभायात्रेबद्दल विचारले. डोंगा द्यायला तो तयार होता. भाडे मिळणार होते. एकच गोष्ट त्याला खटकत होती.

“उजेड नावेत असला का काठ दिसत नाही, शेठजी,” तो हातातले काम न थांबवता म्हणाला. “डोळ्यापुढं उजेड, मागं सारा अंधार. उजेड काठावर पायजे. मंग नाव बरोबर लागते.”

परतीच्या वाटेवर शेठजी गप्प होते. घरी येऊन सूर्यास्तापूर्वी जेवण उरकले आणि त्यांनी माळ्यावरच्या जुन्या वह्या काढायला लावल्या. वडिलांच्या हातची लाल कापडी बांधणीची खतावणी निघाली. धर्मादा खात्याच्या पानावर पांजरापोळ, पाणपोई, साधु-साध्वींची वैयावच्च अशा नोंदींच्या खाली दरवर्षी दिवाळीला एक ओळ होती: ‘घाट दिवाबत्ती’. रकमा लहान, कधी पाच रुपये, कधी सात. शेवटी तीन ओळी कोऱ्या, आणि मग ते नाव वहीतून नाहीसेच झालेले.

मग त्यांना वडिलांनी सांगितलेली हकिकत आठवली. तेव्हा पूल नव्हता. पैलतीरावरच्या खेड्यांतून धान बंड्यांनी काठापर्यंत येई, डोंग्यांतून अलीकडे उतरे आणि पुन्हा बंडीत चढून गोंदियाच्या बाजारात पोहोचे. एका कार्तिकातल्या संध्याकाळी वडील शेवटच्या खेपेला निघाले. डोंगा धानाच्या पोत्यांनी भरलेला, आणि मध्यावर येईपर्यंत नदीवर धुके उतरले. कोणता काठ कुठे, हे नावाड्यालाही समजेना. बुडाच्या एका फटीतून पाणी आत येऊ लागले होते. वडील ओंजळीने पाणी उपसत नवकार म्हणत राहिले. तेवढ्यात दूर काठावर एक पिवळा ठिपका हलताना दिसला. नावाडी वेळेवर परतला नाही म्हणून त्याची बायको कंदील घेऊन पाण्याशी येऊन उभी राहिली होती. त्या ठिपक्याच्या रोखाने डोंगा काठाला लागला.

त्या दिवाळीपासून घाटावरच्या कंदिलाचे तेल पेढीकडून जाऊ लागले. तो नावाडी मासेही धरी. अहिंसेचे व्रत पाळणाऱ्या घराला हे माहीत नव्हते असे नाही. पण ज्याच्या घरच्या दिव्याने जीव वाचला, त्याच्याशी हिशेब करताना वडिलांनी तो प्रश्न मध्ये आणला नाही. पुढे पूल झाला. माल ट्रकने येऊ लागला, घाटावर जाण्याचे कारण उरले नाही, वडीलही गेले. आणि वहीतली ओळ कोणी मुद्दाम न खोडताच बंद झाली. व्यापाऱ्याच्या घरी देणे नाकारले जात नाही, ते असेच विसरले जाते.

दुसऱ्या दिवशी चौमासी चतुर्दशी होती. चातुर्मासाची सांगता, पौर्णिमेपासून साधु-साध्वींचा विहार पुन्हा सुरू होणार. संध्याकाळी उपाश्रयात चौमासी प्रतिक्रमणासाठी तरुण व्यापाऱ्यांपैकीही काही जण आले होते. चौऱ्यांशी लक्ष जीवयोनींची क्षमा मागताना सात लक्ष अप्कायाचा उच्चार झाला, पाठोपाठ सात लक्ष तेउकायाचा. पाण्याचे जीव आणि अग्नीचे जीव. शेठजींच्या मनात अडलेली गोष्ट त्या दोन शब्दांपाशी मोकळी झाली. आज ज्या दोघांची क्षमा मागायची, उद्या त्यांनाच एकमेकांच्या अंगावर सोडायचे का?

त्यांना आपली आई आठवली. विहिरीचे पाणी दुहेरी कापडातून गाळून झाले की गाळण्यावर राहिलेली जिवाणी ती तशीच फेकून देत नसे. गाळलेल्याच पाण्याने कापड धुवून ते पाणी ती पुन्हा त्याच विहिरीत, बादली तळाशी टेकेपर्यंत हळूच सोडून, परत करी. वरून ओतले तर त्या सूक्ष्म जीवांना धक्का बसेल, म्हणून. देरासरातला दिवा काचेच्या फानसात असतो तोही पतंग ज्योतीवर येऊ नये म्हणूनच. ज्या घराने थेंबाची एवढी काळजी घेतली, त्या घराच्या नावाने पाच हजार उघड्या ज्योती, तेल आणि फटाक्यांची राख नदीत जाणार होती. गोंदिया शहर पिते तेही पाणी वैनगंगेचेच.

प्रतिक्रमणानंतर शेठजींनी तरुणांना थांबवून घेतले. उपदेश केला नाही. ढिवराचे वाक्य सांगितले, खतावणीतली ओळ दाखवली आणि आपले म्हणणे थोडक्यात मांडले. शोभायात्रा काढायची तर जरूर काढा. डोंगे फुलांनी सजवा. पण उजेड काठावर ठेवा. ज्योती काचेत असू द्या. फटाके नकोत आणि आपल्या नावाने पाण्यात काही सोडू नका. गावच्या बायाबापड्या पळसाच्या द्रोणात कणकेचा एकेक दिवा सोडतात, ती त्यांची श्रद्धा. तिला आपली तागडी लावायची नाही. आपण मात्र आपल्या व्रताचे माप आपल्याला लावायचे.

मग पावतीपुस्तकात त्यांनी जो आकडा लिहिला, तो पाहून मुलानेही मान वर केली. वडिलांची ओळ बंद पडली त्या वर्षापासून आजवरची सगळी बाकी, आजच्या तेलाच्या भावाने, व्याजासह त्यात धरलेली होती. अट एकच: त्यातून घाटावर खांब उभारून सौरदिवा बसवायचा, आणि जे ढिवर अजूनही डोंगे चालवतात त्यांना तरंगणारी सुरक्षा जाकिटे घेऊन द्यायची. उरेल ते फुलांना.

सर्वांना हे पटले असे नाही. दोघे-तिघे नाराज होऊन गेले. फटाक्यांशिवाय लोक येणार नाहीत, असे एकाने स्पष्ट सांगितले. म्हाताऱ्याने पैसे दिले पण मजा घालवली, हेही बाजारात बोलले गेले आणि शेठजींच्या कानावर आले. बेताच्या एकवीस डोंग्यांपैकी प्रत्यक्षात सातच निघाले.

पौर्णिमेला सकाळी घरातल्या सर्वांनी शत्रुंजयाच्या पटाचे दर्शन घेतले. चातुर्मासात थांबलेली गिरिराजाची यात्रा याच दिवशी पुन्हा सुरू होते. ज्यांना पालिताण्याला जाता येत नाही ते पटासमोर उभे राहून मनाने चढतात. संध्याकाळी चौविहार करून सारे घाटावर गेले. सौरदिव्याचा खांब अजून यायचा होता, म्हणून काठावर काचेचे कंदील ओळीने मांडले होते. बायकांचे द्रोण दरवर्षीसारखे पाण्यावर हलकेच पुढे जात होते. सजवलेले सात डोंगे, अंधारात फक्त झेंडूच्या माळांनी ओळखू येणारे, मध्यापर्यंत जाऊन वळले आणि काठावरच्या उजेडाच्या रोखाने परत येऊ लागले.

नातीने विचारले, “दादाजी, तीर्थंकर म्हणजे तीर्थ करणारा. पण तीर्थ म्हणजे नेमके काय?”

“नदीचा उतार,” ते म्हणाले. “जिथून माणसाला पलीकडे जाता येते ती जागा. घाट.”

ती थोडा वेळ पाण्याकडे पाहत राहिली. उत्तराध्ययन सूत्रातील केशी-गौतम संवादातला नावेचा दृष्टांत तिने पाठशाळेत ऐकला होता: शरीर ही नाव, जीव हा नावाडी, फुटकी नाव पार जात नाही, न गळणारी जाते. फटी बुजवणे म्हणजे संवर, हे तिला परीक्षेपुरते पाठ होते. डोंग्याच्या फटी बुजवणारे हात तिने त्रयोदशीला पाहिले होते. आता त्याच हातांनी वल्हवलेला डोंगा कंदिलांसमोर येऊन अलगद लागला. नावाड्याने उतरून दोर खुंट्याला बांधला, शेठजींकडे पाहून मान हलवली आणि म्हणाला, “आज बरोबर लागली.”

घरी परतल्यावर शेठजींनी नवी खतावणी मागवली. दिवाळीच्या पूजेत काढलेले कुंकवाचे स्वस्तिक पहिल्या पानावर ताजेच होते. धर्मादा खात्याचे पान उघडून त्यांनी पेन नातीच्या हातात दिले. तिने पांजरापोळ आणि पाणपोईच्या खाली, आजोबा सांगतील त्या जुन्या शब्दांत, एक ओळ लिहिली: घाट दिवाबत्ती. पुढे रक्कम लिहिली आणि त्याखाली पुढच्या वर्षासाठी एक ओळ मोकळी सोडली.