कुंकवातला शिक्का

नाशिक जिल्ह्यात कुणाच्या माळ्यावर जुनं रिव्हॉल्व्हर निघालं, की त्याची कुळकथा दोहोंपैकी एक असते. एक तर ते सत्तावन्नच्या बंडातलं असतं, नाहीतर अनंत कान्हेऱ्यांचं. मी दोन्ही ऐकून घेतो, कारण ऐकून घेतल्याशिवाय कुणी फडकं सोडत नाही. कान्हेऱ्यांची कथा तर हत्यार न बघताच गळते. २१ डिसेंबर १९०९ला विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ बघायला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर त्यांनी गोळ्या झाडल्या त्या ब्राउनिंग पिस्तुलातून. पिस्तुलाची काडतुसं मुठीत बसतात, रिव्हॉल्व्हरची फिरत्या सिलिंडरच्या घरांत. सत्तावन्नची कथा मात्र हत्यार हातात घेतल्याशिवाय सुटत नाही.

सुरगाण्याला गेलो तो अशाच एका सत्तावन्नसाठी. वणी ओलांडून बोरगावला सापुताऱ्याचा रस्ता सोडायचा आणि पश्चिमेला वळायचं. नागली नुकतीच कापून झाली होती, खळ्यांवर कणसं वाळत होती. या मुलखात बंदूक म्हटली की ठासणीची. रानडुकरांपासून पीक राखायला आज्या-पणज्यांनी वापरलेली. रिव्हॉल्व्हर इथं परकंच. पण सुरगाणा हे १९४८पर्यंत संस्थान होतं, आणि ज्या घरी मी चाललो होतो त्यांच्या पणजोबांनी शिकारीला आलेल्या साहेबांना जंगल दाखवलं होतं. बिदागी म्हणून एका साहेबानं कमरेचं काढून दिलं, असं घरात सांगतात.

त्या घरच्या बाबांनी ट्रंक उघडली. जुन्या लुगड्याचा तुकडा, त्यात तेलकट कागद, त्यात ते. नळी जेमतेम अडीच इंचांची, मूठ पोपटाच्या चोचीसारखी वळलेली. घरातली पोरं पुढे सरकली. मी त्यांना मागं बसवलं आणि नळीचं तोंड भिंतीकडे केलं. हत्यार शंभर वर्षं मेलेलं आहे असं सगळे म्हणतात तेव्हाच जास्त जपायचं. घोडा अंगठ्याने अर्धा मागे ओढला. तो ढिला होता, आतली स्प्रिंग तुटलेली. उजव्या बाजूचं झाकण उघडून सिलिंडर करकरत एकेक घर फिरवलं. पाच घरं, पाचही रिकामी. नळीत बॅटरीचा झोत टाकला तर पलीकडचा उजेड दिसेना. कुंभारीण माशीने आत मातीचं घर बांधलं होतं.

“सत्तावन्नचं ना, भाऊ?” बाबांनी विचारलं.

मी लगेच उत्तर देत नाही. आधी स्क्रू बघतो. जुन्या कारागिराच्या स्क्रूची खाच बारीक आणि सरळ असते. ती चेमटलेली दिसली की कुणीतरी भलत्या पेचकसाने आत हात घातला आहे हे समजावं. मग व्हर्निअर कॅलिपर. सिलिंडरचं घर बारा मिलिमीटरच्या आसपास भरलं, म्हणजे साडेचारशे बोअरचं काडतूस. ते काडतूस धातूचं आणि मागून भरायचं, इथंच सत्तावन्न संपलं. बंडाच्या काळात गोऱ्या अधिकाऱ्यांकडे कोल्टची आणि अ‍ॅडम्सची रिव्हॉल्व्हरं असत. त्यांत दारू आणि गोळी समोरून ठासायची, मागे प्रत्येक घराला तांब्याची टोपी चढवायची. ह्याला टोपीची जागाच नव्हती.

घाट ‘बुलडॉग’चा होता. बर्मिंगहॅमच्या वेब्लीने १८७२ला हे आखूड, खिशात मावणारं रिव्हॉल्व्हर काढलं आणि ते इतकं चाललं की बेल्जियमपासून अमेरिकेपर्यंत त्याच्या नकला झाल्या. असली आणि नक्कल यांतला फरक डोळ्याला दिसत नाही. तो शिक्क्यात असतो. नवं हत्यार जादा दारू भरून सरकारमान्य चाचणीघरात उडवून बघत, फुटलं नाही तर त्यावर ठसा मारत. बर्मिंगहॅमच्या ठशात त्या काळी मुकुट आणि फुलीसारखे राजदंड असत. ह्या तुकड्यावर ठसा सापडेचना. ज्या जागी तो असायचा तिथं सिलिंडरवर लाल पापुद्रा होता.

“दसऱ्याला पूजतो की,” आजी म्हणाल्या. “माझ्या सासूच्या वेळेपासून.”

दर खंडेनवमीला ह्याला हळदकुंकू वाहिलं जाई आणि पुसायची पद्धत नव्हती. कुंकवाने ओल धरली होती, कडेला गंज खाल्ला होता. मी तेलाचा बोळा हलक्या हाताने फिरवला. वरचं कुंकू निघालं, पण कोरलेल्या रेषांत बसलेलं तसंच राहिलं, आणि भिंगाखाली लाल अक्षरं उभी राहिली. लंबगोल, त्यात ई, एल, जी, खाली तारा, वर मुकुट. इतका स्पष्ट ठसा मी घासून-पुसून चकचकीत केलेल्या तुकड्यांवर कधी पाहिला नव्हता. ई-एल-जी म्हणजे बेल्जियममधल्या लिएजचं चाचणीघर, आणि लंबगोलावर मुकुट चढला तो १८९३पासून. म्हणजे साहेबाने दिलेलं हत्यार साहेबाच्या देशचं नव्हतं. आणि सत्तावन्नपेक्षा निदान छत्तीस वर्षांनी धाकटं होतं.

बाबा थोडे हिरमुसले. त्यांच्या मुलाने मुद्द्याचं विचारलं, “शंभर वर्षं झाली म्हणजे परवाना लागत नाही ना? घेता का तुम्ही?”

हा गैरसमज मी गावोगाव ऐकला आहे. १९५९च्या शस्त्र कायद्याच्या ४५व्या कलमात जुन्या हत्यारांना सूट आहे खरी, पण नुसतं वय पुरत नाही. ते चालणारं नसावं, आणि दुरुस्त करूनही चालू नये. इथं तर एक स्प्रिंग आणि मूठभर माती एवढाच अडसर होता. परवाना होता तो आजोबांच्या नावाने, आणि ते जाऊन कैक वर्षं झालेली. अशा वेळी वारसांनी हत्यार विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं असतं. नावावर करून घेण्याचा अर्ज त्यानंतर. मी त्यांना तेच सांगितलं. मन झालं नाही असं नाही. बोटं मुठीवरून सुटायला तयार नव्हती.

पण ह्या देशात रिव्हॉल्व्हरांचा संग्राहक होणं म्हणजे बहुतेक वेळा न घेता परत येणं. परवाना असला तरी २०१९च्या दुरुस्तीपासून माणशी दोनच हत्यारं. विलायतेतल्या संग्राहकांसारख्या भिंती भरायच्या नाहीत, हे मी तरुणपणीच मान्य केलं. माझा संग्रह एका वहीत आहे. ठशावर पातळ कागद धरायचा आणि मऊ पेन्सिल आडवी घासायची, आपण लहानपणी नाण्यावर घासायचो तशी. शेजारी मापं, क्रमांक, गाव. घराण्याचं नाव लिहीत नाही.

त्या दिवशी दोन कागद घासले. एक वहीसाठी. दुसरा बाबांनी मागितला. “जमा केल्यावर यंदा पाटावर काय ठेवायचं?” त्यांनी तो लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळला आणि ट्रंकेत ठेवला. मग मुलाबरोबर ठाण्यात कधी जायचं, हे विचारत बसले.

वही घरी येऊन उघडली तेव्हा लक्षात आलं, सुरगाण्याच्या पानावर शिशाच्या काळ्यात थोडं लाल उतरलं आहे. नोंदीच्या शिस्तीप्रमाणे ते खोडरबराने काढायला हवं होतं.

मी ते तसंच ठेवलं आहे.