निखाऱ्यावरचा दुधी आणि आक्कांचा नियम



मे महिन्यात नातवाचा वाढदिवस झाला. पोरं सुट्टीला माहूरला आली होती, लातूरकडून मोठ्या नणंदबाई, म्हणजे आमच्या आक्का, मुद्दाम आल्या होत्या. सूनबाईनं ठरवलं, पोरांना रोजचंच काय द्यायचं, बटाट्याऐवजी कच्च्या केळ्याचे काप तळू आणि सोबत काहीतरी बुडवून खायला ठेवू. नांदेडहून सामान येणारच होतं, त्यात मी एक बाटली मागवली. धुराच्या वासाचं, तिखट, मलईसारखं दाट डिप. बाटलीवर हिरवा ठिपका होता, ‘अंडं नाही’ असंही ठळक छापलेलं होतं. मी झाकण उघडलं, बाउलमध्ये ओतलं, वर कोथिंबीर पेरली आणि स्वतःच्या हातानं वाढलं. सूर्य मावळायच्या आत सगळ्यांचं खाणं आटोपलं म्हणून मनातल्या मनात खूषही झाले.

दुसऱ्या दिवशी आक्का गेल्या. मी रिकामी बाटली धुवायला घेतली. पाण्यानं लेबल सुटायला लागलं, तेव्हा त्यावरची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचली. तेल, पाणी, साखर, मिरची, व्हिनेगर असं करत करत शेवटाकडं: कांदा पावडर, लसूण पावडर.

हात तिथंच थांबला.

आक्कांनी वयाच्या 22व्या वर्षी कुंथलगिरीला कंदमूळ त्यागाचा आणि रात्रिभोजन त्यागाचा नियम घेतला. तीच कुंथलगिरी, जिथं आचार्य शांतिसागर महाराजांची 1955 साली सल्लेखना झाली. त्या नियमाला आता 54 वर्षं झाली. बाळंतपणं, आजारपणं, नवऱ्याच्या बदल्या, हॉस्पिटलातलं जेवण, लोकांच्या घरची लग्नं, सगळ्यातून त्यांनी तो सांभाळला. आणि तो मोडला कुठं, तर माझ्या घरात, माझ्या हातानं, एका बाटलीपायी.

हिरव्या ठिपक्याचं एक सांगते, कारण माझ्यासारख्या आणखी कुणी फसू नये. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, एवढंच. कांदा-लसूण शाकाहारीच आहे, त्यामुळं कायद्यानं तो ठिपका बरोबरच असतो. ‘अंडं नाही’ याचा अर्थ ‘जैन’ असा होत नाही. घटक पदार्थांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहायची असते, म्हणजे जे सगळ्यात जास्त ते पहिलं. आपल्याला जे नको असतं ते चिमूटभरच असतं, म्हणून ते सगळ्यात शेवटी, बारीक अक्षरात. तेव्हा यादी खालून वर वाचायची. मी बी.कॉम. झालेली बाई, ह्यांच्या दुकानाचा जमाखर्च 30 वर्षं लिहिला, व्यापाऱ्याच्या बिलातला पाच रुपयांचा फरक शोधून काढणारी. आणि घरात येणाऱ्या बाटलीची खालची ओळ वाचली नाही.

आता खरं सांगते. मी आक्कांना काही बोलले नाही. फोन रोज व्हायचा. आज सांगू, उद्या सांगू. कधी वाटायचं, त्यांना कळलंच नाही तर दोष कसला, अजाणता घडलं. कधी वाटायचं, 76 वर्षांच्या बाईला आता कशाला त्रास द्यायचा. ह्यांना विचारलं तर हे म्हणाले, “तुझं तू ठरव.” सूनबाई म्हणाली, “आई, तुम्ही सांगितलं नाहीत तर कुणाला कळणार आहे?” तिचं बोलणं वाईट हेतूचं नव्हतं, पण त्या दिवसापासून मला ते जास्तच टोचायला लागलं. चातुर्मास लागला, दशलक्षण पर्व आलं. उत्तम सत्य धर्माच्या दिवशी प्रवचन ऐकताना मान वर करवेना.

भाद्रपद वद्य प्रतिपदेला, क्षमावाणीच्या दिवशी, फोन केला. दरवर्षीसारखं “उत्तम क्षमा” म्हणून ठेवून देता आलं असतं. पण सगळं सांगितलं. बाटली, ठिपका, खालची ओळ. पलीकडून बराच वेळ आवाज नाही.

मग आक्का म्हणाल्या, “पहिला घास घेतला तेव्हाच वास आला होता गं मला. लेकराचा वाढदिवस, सगळे हसायलेत, म्हणून ताट सरकवलं नाही. दुसरा घास घेतला नाही. घरी येऊन माताजींना विचारलं, त्यांनी सांगितलं ते प्रायश्चित्त केलं. झालं ते.”

मी रडायलाच लागले. तर त्या कडक आवाजात म्हणाल्या, “लसणाचं मला काही नाही. ते अजाणता घडलं. पण तू चार महिने रोज माझ्याशी बोलायलीस, भाजी काय केली विचारायलीस, अन् हे पोटात ठेवून बोलायलीस. त्याचं काय करायचं?”

त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजही नाही.

थोड्या वेळानं त्याच म्हणाल्या, “संक्रांतीच्या आधी येते. तुझ्या हातचं खायला घाल. बाटलीतलं नको.”

तर मैत्रिणींनो, आता पाककृतीकडं येते. ती सांगायला मला ही सगळी कथा सांगावी लागली.

धुराची चव म्हटलं की आपल्या मराठी माणसाला वांग्याचं भरीत आठवतं. खानदेशात ते पऱ्हाटीच्या जाळावर भाजतात, जळगावच्या भरीताच्या वांग्याला तर भौगोलिक मानांकन आहे. सूनबाईनं सांगितलं की अरब देशांतही वांगं भाजून त्यात तिळाची पेस्ट कालवतात आणि रोटीबरोबर खातात. पण आपल्या घरांत वांगं नाही. बहुबीज, आणि शिवाय अख्खं भाजायचं, म्हणजे आत काय आहे ते बघायची सोयच नाही. माझ्या सासूबाई म्हणायच्या, जे उघडून बघता येत नाही ते जाळावर ठेवायचं नाही. मला लग्नानंतर हे सगळ्यात आधी पटलेलं कारण.

म्हणून दुधी. अर्धा किलोचा, आखूड, कोवळा, नख सहज रुतेल असा. आधी एक तुकडा कापून जिभेला लावून बघायचा. कडू लागला तर सरळ टाकून द्यायचा. कडू दुधीनं विषबाधा होते, शिजवूनही जात नाही, तिथं काटकसर करायची नाही. मग उभा मधोमध चिरायचा, आतून नीट शोधून घ्यायचा, बिया फार पिकल्या असतील तर काढायच्या. सालीला तेलाचा हात लावायचा.

निखारे मी करवंटीचे करते. करवंटी फोडून, उलटी करून दगडावर चांगली आपटायची, मुंग्या दडलेल्या असतात. मग शेगडीत. ज्वाळा बसून लाल निखारे झाले की दुधीची साल खाली करून ठेवायचा. गॅसवर जाळी ठेवूनही होतं, पण दुधीत पाणी फार, त्यामुळं वेळ लागतो, घाई केली तर साल जळते आणि आत कच्चा राहतो. साल काळी झाली, वरून सुरी घातली की लोण्यासारखी गेली पाहिजे. थंड झाला की साल काढायची, गर चाळणीत अर्धा तास निथळत ठेवायचा. हे निथळणं टाळलं तर भरीताचं सार होतं. माझं पहिल्यांदा झालं होतं. ते ह्यांनी भातावर ओतून घेतलं.

दाटपणासाठी दह्याचा चक्का. एक लिटर म्हशीचं दूध, काढल्याबरोबर गाळून तापवलेलं. विरजण आम्ही जुन्या दह्याचं लावत नाही, करवंटीचा स्वच्छ धुतलेला तुकडा किंवा चांदीचं नाणं कोमट दुधात टाकतो. थंडीत वेळ लागतो, भांडं कणकेच्या डब्यात ठेवते. लागलं की फडक्यात तीन तास बांधून ठेवायचं. आमच्याकडं दह्याची मर्यादा 24 तासांची, त्यामुळं हे सगळं घड्याळ बघून करावं लागतं. जेवायच्या वेळेपासून मागं मोजत यायचं.

आता द्विदलाचा प्रश्न. मराठवाड्यात कशातही शेंगदाण्याचं कूट घालायची सवय, आणि भरीतात तर हवंच. पण कच्च्या गोरसाबरोबर द्विदल चालत नाही, तेराव्या शतकातल्या पंडित आशाधरांच्या ‘सागारधर्मामृता’तही ते सांगितलंय. शेंगदाणा त्यात धरायचा की नाही यावर घरोघरी वेगळं मत आहे. आक्का धरतात. म्हणून मी तीळ घेतले. दोन मोठे चमचे पांढरे तीळ निवडून, मंद आचेवर खरपूस भाजून, थोडं तेल घालून पाट्यावर वाटले. आणि काय सांगू, शेंगदाण्यापेक्षा सरस झालं. तीळ वाटल्यावर सुटणारं तेल चक्क्यात मिसळलं की जो गुळगुळीतपणा येतो, तो बाटलीतल्याला कुठला!

तिखटासाठी तीन ब्याडगी आणि दोन लवंगी मिरच्या निखाऱ्याच्या कडेला शेकून, बिया झटकून, मिठाबरोबर कुटलेल्या. हिरवी मिरची मी घेत नाही, अष्टमी-चतुर्दशीलाही हाच पदार्थ चालावा म्हणून. (दुधीही त्या दिवशी चालत नाही हे मला माहीत आहे, तेव्हा नुसता चक्का, तीळ आणि मिरची करते, तेही छान लागतं.) आणि एक गंमत, मिरची आपल्याकडं पोर्तुगीजांबरोबर आली. म्हणजे पंडित आशाधरांच्या घरी तिखट म्हणजे मिरेच असणार. चार मिरे घालून बघा एकदा. त्या बाटलीवर जे मेक्सिकोचं नाव होतं ते म्हणजे धुरावर सुकवलेली मिरचीच. आपण तेच निखाऱ्याशेजारी करतो.

चक्का, निथळलेला गर, तीळ, मिरची एकत्र घोटायचं. गर पूर्ण गार झालेला हवा. मीठ अगदी शेवटी, नाहीतर पाणी सुटतं. मग धुंगार: भांड्याच्या मधोमध छोटी वाटी, वाटीत लाल निखारा, त्यावर चमचाभर साजूक तूप आणि एक लवंग, की लगेच झाकण. तीन मिनिटं. पाच झाली तर कडवट होतं. हिंग काहीजणी टाकतात, आमच्या चौक्यात बाजारचा हिंग नसतो.

वाढताना सोबत काय, हे जास्त महत्त्वाचं. भजी नाहीत, मूग-उडदाचे पापड नाहीत, ते दह्याबरोबर पुन्हा द्विदलच. आपल्याकडच्या धपाट्यातही बेसन असतं, हे पुष्कळजणी विसरतात. दह्याबरोबर खायचे तर ज्वारी आणि गव्हाच्या पिठाचेच करायचे. मी ज्वारीची भाकरी तव्यावर कडक होऊ दिली, त्रिकोणी तुकडे केले, काकडीच्या फोडी ठेवल्या, तांदळाचे पापड भाजले.

आक्का संक्रांतीच्या चार दिवस आधी आल्या. थंडीचे दिवस, सहाच्या आत सूर्य मावळतो, म्हणून साडेचारला पानं घेतली. बाहेर गडावर जाणाऱ्या गाड्यांचा आवाज चालू होता. मी एकेक जिन्नस त्यांच्यासमोर ठेवून सांगायला लागले, दूध कधी तापवलं, तीळ कुठले, तर म्हणाल्या, “वाढ आता. हिशेब नंतर दे.”

भाकरीचा तुकडा बुडवला. खाल्ला. मी तोंडाकडं बघत उभी. दुसरा तुकडा बुडवला. मग तिसरा. “धूर बरा लागलाय,” एवढंच म्हणाल्या, “मिरची एक कमी घाल पुढच्या वेळी.” नातू शेजारी बसून विचारत होता की बाटली कुठं आहे, तर त्यालाच म्हणाल्या, “बाटली नाही रे राजा, तुझ्या आजीनं आज अंगण काळं केलंय ते बघ.”

त्या चार महिन्यांबद्दल नंतर आमचं बोलणं झालं नाही. मी काढलं नाही, त्यांनीही काढलं नाही. रात्री सामायिकानंतर त्यांचे पाय चेपायला बसले, तर नेहमी “राहू दे” म्हणतात, त्या दिवशी म्हणाल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं गेल्या. डब्यात भाकरी दिल्या, तिळाची कोरडी चटणी दिली. भरीत थोडं उरलं होतं, पण ते दिलं नाही. बसला सात तास लागतात, आणि दही आदल्या सकाळचं होतं.