मांडूचं तांबं

आम्हा इंदूरकरांचं मांडू म्हणजे श्रावणातली सहल. सकाळी पोहे-जिलेबी खाऊन निघायचं, धारमार्गे शंभरेक किलोमीटर जायचं, धुक्यात भाजलेला भुट्टा खायचा आणि रूपमतीच्या छत्रीतून नर्मदेची रेघ दिसली तर नशीब समजायचं. मीही वर्षानुवर्षं तशीच जात आले. यंदा धारच्या आत्याला बरोबर घेतलं. दिल्ली दरवाज्यातच ती म्हणाली, "कौतुकानं काय बघतेस? हे ओसाड केलं ते आपणच. पवारांनी गादी धारला मांडली आणि इथला बाजार उठला."

मी तिला अलास्कातल्या केनेकॉटबद्दल सांगितलं. तिथली तांब्याची खाण 1938 मध्ये बंद पडली, माणसं निघून गेली आणि गाव रिकामं झालं. आता त्या लाल लाकडी इमारती डागडुजी करून पर्यटकांसाठी राखल्या आहेत.

"मग मांडूचं तांबं म्हणजे गादी," आत्या म्हणाली.

तिचं म्हणणं पटलं, पण खापर मात्र एकट्या मराठ्यांवर फोडता येणार नाही. माळव्याचा सुलतान होशंगशाह यानं पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला राजधानी धारहून इथे आणली. 1561 मध्ये अकबराच्या फौजेनं बाजबहादूरचा पराभव केला आणि मांडूची गादी गेली. 1617 मध्ये जहांगीर मुक्कामाला यायचा होता, तेव्हा पडक्या इमारतींची आधी दुरुस्ती करावी लागली. नव्या-जुन्या कामांवर तीन लाख रुपये खर्च झाल्याची नोंद त्यानं स्वतःच करून ठेवली आहे. मराठे आले ते त्यानंतर शंभरहून अधिक वर्षांनी. धार पुन्हा गजबजलं आणि मांडूत उरलीसुरली वर्दळही थांबली.

पुढे महालांत झाडं रुजली. 1902 मध्ये लॉर्ड कर्झन येऊन गेला आणि धार संस्थानच्या काळातल्या दुरुस्तीला जोर आला. आता हे सगळं पुरातत्त्व खात्याकडे आहे. होशंगशाहाच्या कबरीचा संगमरवर स्वच्छ आहे, हिंदोळा महालाच्या कललेल्या भिंती भक्कम उभ्या आहेत. अशर्फी महालाचा सात मजली विजयस्तंभ मात्र गेला तो गेलाच. त्याचा बुंधा तेवढा उरलाय.

आत्या सगळ्यात जास्त रमली ती जहाज महालात. मुंज आणि कपूर या दोन तलावांच्या मधोमध सुमारे 120 मीटर लांब महाल. सगळे पाण्यातल्या प्रतिबिंबाचे फोटो काढत होते. ही गच्चीवरच्या दगडी पन्हळी न्याहाळत बसली. पन्हळीला नागमोडी वळणं कशाला, तर पाण्याचा वेग मोडावा आणि गाळ वाटेतच बसावा, असं गाइडनं सांगितलं. या पठारावर नदी नाही. पावसाचं पाणी तलावांत, विहिरींत, हौदांत साठवलं तरच इथे उन्हाळा निघतो. जहांगीरबरोबर आलेला इंग्रज वकील टॉमस रो यानंही इथल्या पाणीटंचाईचं गाऱ्हाणं लिहून ठेवलंय.

बाहेर एक भिल्ल बाई गोरखचिंचेची फळं विकत होती. तिकडे त्यांना मांडूची इमली म्हणतात. आत्यानं भाव करता करता चौकशी केली. बाईचं घर गावातच, शेत पठाराच्या कडेला, आजेसासूही इथलीच. पावसाळ्यात गिऱ्हाईक बरं मिळतं, पण मे महिन्यात पाण्यासाठी फार पायपीट होते, म्हणाली.

परतताना आत्या बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ओसाड झालं म्हणतो ते आपण दरबाराच्या हिशेबानं. हिच्या घरची चूल इथे पेटतच होती की."

तेव्हापासून मांडूच्या जीर्णोद्धाराचं कौतुक मी जरा हात राखूनच करते. महाल राखले हे उत्तमच झालं. पण ज्या पाण्याच्या जोरावर हे शहर पठारावर उभं राहिलं, त्याची जुनी व्यवस्था आज बघण्यापुरती उरली आहे. ते तलाव आणि त्या विहिरी गावाला मे महिन्यात पुरतील अशा करता आल्या, तर दुरुस्ती पुरी झाली म्हणेन.