रोखठोक

घोडेगावचे माझे मामा कमी बोलत, पण बोलत ते रोखठोक. लहानपणी मला वाटे, रोखठोक म्हणजे रागावून बोलणे. खरा अर्थ फार उशिरा कळला आणि त्याची किंमत मामांनी मोजली.

शब्द मूळचा बाजारातला. संस्कृत कोशांत 'रोक' म्हणजे रोकडा देऊन केलेली खरेदी. आपली रोकड आणि रोख त्याच घरच्या. माल इकडे, पैसा तिकडे. उधारीचे नाव नाही. आणि 'ठोक' म्हणजे, माझ्या मते तरी, चांदीचा रुपया दगडावर ठोकून पाहणे! खोटा रुपया बद्द वाजे, खरा खणखणीत. उत्तरालाही आपण खणखणीत म्हणतो, ते काय उगीच?

जुन्नरच्या नाणेघाटात तर हा रोखठोकपणा कातळावरच कोरलेला आहे. सातवाहनांची राणी नागनिका हिच्या लेखात यज्ञांतल्या दक्षिणेचा हिशेब आहे. गाई इतक्या, घोडे इतके, कार्षापणे 24,400. 'पुष्कळ दान केले' एवढ्यावर तिलाही भागवता आले असते.

आम्हा पुणेकर पांढरपेशांना 'नाही' म्हणणे असभ्य वाटते. आम्ही 'बघू' म्हणतो, 'कळवतो' म्हणतो. मुलीचे लग्न ठरले तेव्हा मामा मुद्दाम पुण्याला आले. पाचशे रुपये हवे होते. माझ्याजवळ ते नाहीत आणि जमणारही नाहीत, हे मला त्याच क्षणी ठाऊक होते. तरी म्हणालो, "बघतो मामा, पंधरा दिवसांत कळवतो."

मामांनी माझा शब्द रोख धरला.

पंधरा दिवसांचा महिना झाला. लग्न तोंडावर आले, तेव्हा त्यांनी बैलजोडी बाजारात नेली. बैलबाजारात तेव्हा रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरे. तोंडाने बोलणे नाहीच. गरजवंताची बोटे दलाल बरोबर ओळखतो. जोडी पडत्या भावाने गेली.

मांडवात मी तोंड चुकवत होतो. मामांनीच हाक मारली.

"अरे, दारावर गिऱ्हाईक आलं होतं, चांगला भाव देत होतं. तुझ्या शब्दावर परत लावलं त्याला. तेव्हाच नाही म्हणायचंस की!"

मी काहीतरी पुटपुटलो.

"आता जाऊ दे," मामा म्हणाले. "पंगत बसलीय. उचल ते भाताचं पातेलं."