वाफसा

शेवटचा बैल विकला त्या रात्री दादाचा फोन आला. मी हिंदमाताला, आमच्या खोलीबाहेरच्या गॅलरीत उभा होतो. खाली कापडाच्या दुकानांची शटरं पडत होती, त्या खडखडाटात त्याचं बोलणं नीट ऐकू येईना. "गेला," एवढंच ऐकू आलं. मला वाटलं माणूसच गेलं कोणीतरी. मग म्हणाला, "चाऱ्यापायी दिला रं. त्यो एकटा बसून तरी काय करणार दावणीला?"

पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत घेतलेली ती खिल्लार जोडी. पहिला दोन वर्षांपूर्वीच गेला होता. दुसऱ्याला जोडीदार मिळेना, मिळाला तर किंमत झेपेना. दादा थोडा वेळ गप्प राहिला. मग मुद्द्यावर आला, "पोरगं ट्रॅक्टर घ्या म्हणतंय. तू बशीचा मिस्त्री. तूच ये आन् बघून सांग."

बशीचा मिस्त्री म्हणजे बेस्टच्या दादर वर्कशॉपात मी तेहेतीस वर्षं डिझेल इंजिनं उघडली आणि बंद केली. 2018 मध्ये निवृत्त झालो. गावाकडे सगळ्यांची समजूत अशी की, बस ज्याला कळते त्याला ट्रॅक्टर कळणारच. हे अर्धंच खरं आहे. बस रस्त्यावर चालते, ट्रॅक्टर मातीत. आणि मातीचं मला काही कळत नव्हतं. ते सगळं दादाच्या वाट्याला आलं होतं.

ते कसं आलं, तेही सांगायला हवं. आमचे वडील गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, आमच्या चाळीतले निम्मे बाप्ये उन्हाळ्यापर्यंत गावाला निघून गेले. अडीच लाखांवर कामगार होते त्या संपात. तो संप अधिकृतपणे मागे घेतला असं आजतागायत कुणी जाहीर केलेलं नाही. वडीलही आईला आणि दादाला घेऊन खटाव तालुक्यात, येरळेकाठच्या आमच्या साडेसात एकरांवर परतले. मला मात्र शिक्षणासाठी काकांकडे हिंदमाताला ठेवलं. दादा तेव्हा अकरावीत होता. त्याचं कॉलेज तिथंच संपलं, माझं आयटीआय झालं. वडिलांच्या हाताला मागाची सवय, नांगराची मूठ त्यांना कधी नीट धरता आली नाही. ती दादानं धरली. पुढे मी महिन्याला मनीऑर्डर करायचो आणि फिटलं असं समजायचो.

तर फेब्रुवारी 2019 मध्ये परळच्या डेपोतून रातराणी धरली.

पुतण्यानं आधीच मन ठरवलं होतं. त्याला पन्नास एचपीच्या वरचा हवा होता. का, तर गळीत हंगामात ऊस ओढता येईल, आणि गावात तसे दोन आहेत म्हणून. त्यातलं दुसरं कारण जास्त मोठं होतं. मोबाइलमध्ये त्यानं सगळी माहिती गोळा केली होती. "तात्या, ह्याचं टॉर्क बघा," म्हणत फोन माझ्या नाकापुढे धरायचा. मी म्हटलं, आधी आपली वावरं बघू.

साडेसात एकर म्हणजे सलग नव्हे. चार तुकडे. मळ्याचा काळ्या मातीचा अडीच एकर, त्याला लागून आल्याचा तुकडा, मग माळाकडचं मुरमाड, आणि ओढ्यापलीकडचा एक पट्टा, जिथं जायला भावकीच्या बांधावरून दहा फुटांची वाट. ती वाट मी पावलांनी मोजली. मोठ्या ट्रॅक्टरला सहा फुटी रोटाव्हेटर लावून तिथं वळवायचा म्हणजे बांध फुटणार, आणि आमच्याकडे बांध फुटला की कोर्ट उघडतं. मधल्या ताकदीच्या, म्हणजे चाळीस-पंचेचाळीस एचपीच्या ट्रॅक्टरला पाच फुटी रोटाव्हेटर बरा चालतो. पंधरा-वीस एचपीचा छोटा आल्याच्या वाफ्यात छान, पण काळ्या रानात उन्हाळी नांगरट त्याला झेपत नाही. मी हे सांगितलं तेव्हा पुतण्याचं तोंड पडलं. दादा नुसता मान हलवत होता. त्याला एचपीशी देणंघेणं नव्हतं. "पलीकडच्या पट्ट्यात जाईल का, तेवढं बघ," म्हणाला.

मग हिशेब. वहिनींनी दिनदर्शिकेचं जुनं पान दिलं, त्याच्या मागे मांडला. नांगरट एकरी अडीच तास, रोटाव्हेटर दोनदा, सरी, गादी वाफे, पेरणी, शेणखताच्या खेपा. ओढूनताणून वर्षाचे शंभर तास भरले. हिशेबाच्या पुस्तकांत ट्रॅक्टरचे वर्षाला हजार तास धरतात! भाड्यानं ही सगळी कामं करून घ्यायला आम्हाला वर्षाला बावन्न हजारांच्या आसपास लागत होते. ट्रॅक्टर सव्वासहा लाख, रोटाव्हेटर लाखभर. पाच लाख कर्ज काढलं तर पहिल्या वर्षी नुसतं व्याजच पन्नास-पंचावन्न हजार, वर मुद्दल, डिझेल, ऑइल, विमा. मी पान दादापुढे सरकवलं आणि म्हटलं, "घ्यायचा नाही. सरळ भाड्यानं कर."

दादानं पान बघितलंही नाही.

"गेल्या साली परतीचा पाऊस झाला," तो म्हणाला. "चौथ्या दिवशी वाफसा आला. मी ट्रॅक्टरवाल्याला फोन केला. म्हनला, उद्या येतो. उद्याचा परवा झाला. आठ दिवसांनी आला त्यो, तवर वरची वल उडाली हुती. शाळू पेरला, निम्मा उगवलाच न्हाई. ह्ये तुझ्या कागदावर कुठं लिवलंय?"

कागदावर ते कुठंच नव्हतं. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो, वाफसा म्हणजे पावसानंतर माती चिकटतही नाही आणि कोरडीही पडलेली नसते, ती मधली अवस्था. रब्बीची ज्वारी त्या ओलीवरच येते, वर पाऊस पडेलच असं नाही. तो वाफसा तीन-चार दिवस राहतो, आणि साऱ्या गावाला एकदमच येतो. म्हणजे भाड्याचा ट्रॅक्टर ज्या दिवशी सगळ्यांना हवा, त्याच दिवशी आपल्यालाही. बैल होते तोवर दादा पहाटे रानात जाऊन मातीचा गोळा वळून बघायचा आणि जू चढवायचा. आता गोळा वळून तो फोन करत होता. त्यात त्याचे गुडघे गेलेले. हे मी आल्यापासून बघत होतो आणि काही बोलत नव्हतो.

पान उलटं करून पुन्हा मांडणी केली. प्रश्न आता असा होता की, बाहेरचं किती काम केलं तर हप्ता निघेल. वर्षाचा हप्ता साधारण एक लाख तीस हजार. डिझेल जाता तासाला चार-पाचशे सुटतील. म्हणजे गावात तीनशे तास भाड्यानं चालवायलाच हवा. पुतण्याला विचारलं, "तीनशे तास दुसऱ्याच्या रानात धूळ खाशील?" तो म्हणाला, "खाईन की." मी त्याच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. त्यानं नजर खाली केली नाही.

मग बघायला निघालो. ट्रॅक्टर म्हटलं की आमच्या पिढीला लाल रंग आठवतो. 1963 मध्ये महिंद्रानं इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर ट्रॅक्टरची कंपनी काढली, कारखाना आपल्याच मुंबईत, कांदिवलीला. कांदिवलीचा ट्रॅक्टर खटावच्या रानात आणि खटावचा माणूस परळच्या गिरणीत, अशी ती उलटसुलट वाहतूक. आम्ही तीन बघितले: महिंद्रा 475, स्वराज 735 आणि मॅसी फर्ग्युसन 241. तिघेही चाळीस ते बेचाळीस एचपीचे. पहिल्याचं इंजिन चार सिलिंडरचं, उरलेल्या दोघांची तीन. पुतण्याला वाटायचं चार म्हणजे भारीच. तसं काही नसतं. चार सिलिंडरचं जरा गुळगुळीत चालतं, तीनाचं उघडायला सुटसुटीत. दोन्हींनी नांगर ओढला जातो.

एक गोष्ट मात्र मी विक्रेत्यांकडे हट्टानं मागितली: बुदनीचा अहवाल. मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची संस्था आहे, तिथं ट्रॅक्टर तपासतात आणि छापील अहवाल देतात. इंजिनाची ताकद जाहिरातीत असते, पण रोटाव्हेटर फिरतो तो मागच्या पीटीओ शाफ्टवर, आणि तिथं पोचेपर्यंत काही एचपी वाटेतच जिरलेले असतात. लिफ्ट किती किलो उचलते, तासाला डिझेल किती पिते, तेही त्यात असतं. दोन ठिकाणी पोरांनी मला वेड्यात काढलं. तिसऱ्या ठिकाणी एका म्हाताऱ्या मेकॅनिकनं कपाटातून काढून दिला, कडेला ग्रीसची बोटं उमटलेला. त्या माणसाशी मी तासभर बोललो. ट्रॅक्टर कुठला घ्यायचा हे माझ्यापुरतं तिथंच निम्मं ठरलं, कारण ऐन पेरणीत बिघडला तर हा मोटारसायकलवरून वावरात येणार होता. कुठला ते लिहीत नाही. तुमच्या गावाजवळचा मेकॅनिक वेगळा असेल.

डेमो आमच्याच मळ्यात घेतला. सकाळी इंजिन थंड असतानाच चालू करायला लावलं. गरम करून आणलेलं इंजिन कुणाचंही गोड बोलतं. पांढरा धूर क्षणभर आला आणि गेला. निळा नाही, म्हणजे ऑइल जळत नाही. मग पलटी नांगर उचलून इंजिन बंद केलं आणि चहा घ्यायला बसलो. नांगराच्या टोकाखाली मी एक काडी उभी करून ठेवली होती. चहा, पान, गप्पा झाल्या, अर्ध्या तासानं नांगर काडीला टेकला नव्हता. लिफ्ट ठीक. दादाला ही काडीची युक्ती फार आवडली. दिवसभर येईल त्याला सांगत होता.

खरी परीक्षा घसरणीची. मागच्या चाकावर खडूची रेघ मारली. नांगर उचललेला ठेवून चाकाचे दहा फेरे चालवलं, टेपनं अंतर मोजलं: 40 मीटर. मग नांगर रानात घालून पुन्हा दहा फेरे: 33 मीटर. म्हणजे शंभरातले साडेसतरा भाग चाक जागेवरच फिरत होतं, डिझेल आणि टायर दोन्ही खात. चाकांत पाणी भरायला लावलं आणि पुन्हा मोजलं. 35 मीटर भरलं. एवढं काळ्या रानात चालतं. डेमोवाला पोरगा वैतागला होता. दादा मात्र नांगरटीच्या तासात वाकून हात घालून खोली बघत होता. गुडघ्याला हात देऊन उठला आणि म्हणाला, "आठ बोटं उतरलाय. बैलांनी येवढं कधी केलं न्हाई." त्यानं ते आनंदानं म्हटलं की कसं, मला सांगता येणार नाही.

शेवटी पैशांची गोष्ट आली आणि तिथं मी जरा लाजलो. कर्जाला जमीन तारण द्यायची, सातबाऱ्यावर माझंही नाव. माझी सही लागणार होती. बायकोनं निघतानाच सांगितलं होतं, "सही करा, पण पैसे देऊ नका. लेकीच्या घराला लागतील." रात्री अंगणात मी दादाला म्हटलं, सही देतो. तो म्हणाला, बरं. पुढे काही मागितलं नाही. त्यानं कधीच मागितलं नव्हतं. बेचाळीसाव्या पानापर्यंत भरलेली वहीच वहिनींनी एकदा दाखवली होती मला, वडिलांच्या आजारपणापासूनच्या खर्चाची. त्यात माझ्या मनीऑर्डरी एका रंगात, बाकी सगळं दुसऱ्या. दुसरा रंग जास्त होता.

सकाळी मी फंडातले दोन लाख देतो म्हणालो. बैलाचे आलेले पंचवीस हजार दादानं घातले, उरलेलं कर्ज. नांगर शेजाऱ्याचा वापरायचा, ट्रॉली घ्यायची नाही. कागद पुतण्याच्या नावावर. अटी माझ्या दोनच. पीटीओ शाफ्टवरचं झाकण कधी काढायचं नाही; वर्कशॉपात फिरत्या शाफ्टनं सदऱ्याचं टोक ओढलेलं मी बघितलंय, पुढचं सांगत नाही. आणि मडगार्डवर पोरं बसवायची नाहीत. वहिनी लगेच म्हणाल्या, "म्होरं ह्येंनाच सांगा, नातवाला घिऊन बसतील." बायकोला मी घरी येऊन आठ दिवसांनी सांगितलं. तिनं दोन दिवस बोलणं टाकलं, मग म्हणाली, "आधी सांगितलं असतंत तर मी नाही म्हटलं असतं का?" मला अजून वाटतं, म्हटलं असतं.

मार्चमध्ये ट्रॅक्टर दारात आला. जुलैच्या पहिल्याच आठवड्यात मुंबईला पावसानं झोडपलं. हिंदमाता बशीसारखं खोलगट, दरवर्षीप्रमाणे चौकात कमरेला पाणी, दुकानदार कापडाचे तागे माळ्यावर चढवताहेत, बंद पडलेल्या गाड्या पोरं ढकलताहेत. मी गॅलरीत उभा राहून दादाला फोन लावला.

"पाऊस हाय का तिकडं?" त्यानंच आधी विचारलं.

"कमरेएवढं पाणी आहे."

"हिकडं थेंब न्हाई. दोन शितोडं पडलं, धूळबी मेली न्हाई."

"मीटर किती झालं?"

"एकशे चौदा. पंधरा दिस झालं, हुभाच हाय. रोज फडक्यानं पुसतोय त्याला." मग थांबून म्हणाला, "हप्ता सप्टेंबरात हाय न्हवं?"

"सप्टेंबरात."

"मग हाय की अजून," दादा म्हणाला, आणि खालच्या पाण्याचा आवाज फोनमधून ऐकू येतोय का, ते विचारू लागला. मी फोन गॅलरीच्या कठड्याबाहेर धरला.